मानेमागचा पट्टा

आमच्या घरातल्या जुन्या छायाचित्रांत आई कोठेही हसताना दिसत नाही. मामाचे लग्न, माझे बारसे, धाकट्या भावाची मुंज, वडिलांच्या निवृत्तीचा निरोपसमारंभ, सगळीकडे तिचे ओठ मिटलेले आहेत. आणि ते मिटून ठेवण्यासाठी तिला थोडे बळ लावावे लागते आहे, हे हनुवटीवर पडलेल्या बारीक चुण्यांवरून कळते. ज्यांनी तिला पाहिले नाही त्यांना ती करारी बाई वाटते. प्रत्यक्षात तिच्याइतके चटकन हसू येणारे माणूस मी दुसरे पाहिले नाही. मात्र हसू फुटण्यापूर्वीच तिचा उजवा हात पदराचे टोक घेऊन तोंडाशी पोचलेला असे. आम्हां मुलांना तिचे हसणे डोळ्यांत आणि खांद्यांत दिसे. तोंडावर ते कधी पाहिल्याचे मला आठवत नाही.

तिचे वरचे दात पुढे होते. सासरी आल्या आल्या तिला नाव पडले, खवणी. आमचे मूळ घर कोकणातले. इंदूरला येऊन तीन पिढ्या झाल्या तरी स्वयंपाकातले नारळाचे प्रस्थ कमी झाले नव्हते. नारळ फोडला की आत्या म्हणे, "विळी कशाला काढता? वहिनी आहे की." सगळे हसत. आईही हसे, पदराआडून. त्या थट्टेत द्वेष नव्हता असे मला मोठेपणी अनेकांनी सांगितले, आणि ते खरेही असेल. पण रोज थोडे थोडे घासले की नारळाची वाटी रिकामी होते. त्यासाठी खवणीने द्वेष करावाच लागतो असे नाही.

हे दात माझ्याकडे आले. आईइतके नव्हेत, पण आलेच. वर्गात मी कधी मोकळेपणी हसले तर बाई म्हणत, "दात काढू नकोस." आपल्या भाषेत हसण्याला दात काढणे म्हणतात, विनवण्या करून थकण्याला दातांच्या कण्या करणे म्हणतात, भयाने बोलती बंद होण्याला दातखीळ बसणे म्हणतात. माणसाच्या मनाची इतकी हालचाल भाषेने दातांवर टांगून ठेवली आहे की ज्याचे दातच रांगेत नाहीत त्याने मन तरी कोठे ठेवावे, असा प्रश्न मला त्या वयात पडत असे.

१९७३ साली मला पाहायला पहिले स्थळ आले. काकूने माझी वेणी घालता घालता बजावले, "विचारतील तेवढंच बोल, आणि तोंड मिटून बस." मी तसेच केले. चहापोहे झाल्यावर मुलाच्या आईने विचारले, "गाणं येतं का हो मुलीला?" मला गाणे येत होते. सहा वर्षे शिकत होते. पण गाण्यासाठी तोंड उघडावे लागते, आणि आकार लावायचा तर चांगलेच उघडावे लागते. मी मान खाली घालून म्हटले, "नाही." दाराआड उभ्या असलेल्या आईने ते ऐकले. तिने मला त्याविषयी कधी विचारले नाही आणि मीही तिला काही सांगितले नाही. ते स्थळ जमले नाही. दोन वर्षांनी दुसरीकडे लग्न झाले, ज्यांच्याशी झाले त्यांनी माझ्या दातांविषयी आयुष्यात एक अक्षर काढले नाही. पण गाणे त्या दुपारी सुटले ते सुटलेच.

म्हणून १९९३ साली, माझी लेक अकरा वर्षांची असताना, डॉक्टर जेव्हा म्हणाले की हिच्या दातांवर उपचार करायचा तर आत्ताच करायला हवा, तेव्हा मी विचार करायला एक दिवसही मागितला नाही. निमित्त सायकलवरून पडण्याचे झाले होते. पुढे आलेल्या दातांचे हेच असते. पडल्यावर जमीन सर्वांत आधी त्यांना भेटते. समोरच्या एका दाताचा कोपरा उडाला होता. डॉक्टरांनी तो भरून दिला आणि मोजपट्टी लावून सांगितले की वरचे दात खालच्या दातांच्या नऊ मिलिमीटर पुढे आहेत. हे अंतर दोन-तीन मिलिमीटर असावे.

मग तिच्या डोक्याचे क्ष-किरण चित्र काढले. कानांत दोन बोंडे बसवून डोके स्थिर धरतात आणि एका बाजूने छायाचित्र घेतात. ही पद्धत १९३१ साली अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ या दोघांनी स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून वाढत्या चेहऱ्याचे वर्षावर्षाचे मोजमाप शक्य झाले. डॉक्टरांनी त्या चित्रावर पारदर्शक कागद ठेवून पेन्सिलीने कवटीचा तळ, नाकाचे मूळ, वरचा जबडा, खालचा जबडा असे बिंदू जोडले. माझ्या मुलीचा चेहरा एखाद्या गावाच्या नकाशासारखा दिसू लागला. ते म्हणाले, "वरच्या जबड्याचा कोन साधारण ब्याऐंशी अंश असतो. हिचा तेवढाच आहे. खालच्याचा ऐंशीच्या आसपास हवा, हिचा पंचाहत्तर आहे."

"म्हणजे वरचा पुढे नाहीच?" मी विचारले.

"नाही. खालचा मागे राहिला आहे."

मला हे ऐकून विलक्षण वाटले. तीन पिढ्या आम्ही ज्यांना दोष दिला, ज्यांच्यावर पदर ओढला, ते दात फारसे अपराधी नव्हतेच. ते जवळजवळ आपल्या जागी होते. त्यांच्याखालचे हाड त्यांच्याबरोबर चालू शकले नव्हते. पण डॉक्टरांनी पुढे जे सांगितले ते याहून विलक्षण होते. खालच्या जबड्याला हात धरून पुढे आणण्याऐवजी ते वरच्याला थोपवून धरणार होते. मुलगी वाढते आहे, खालचा जबडा येत्या दोन-तीन वर्षांत वाढेल. तोवर वरच्याने पुढे सरकायचे नाही, थांबायचे. मागे राहिलेल्याला गाठता यावे म्हणून नीट चालणाऱ्याच्या मानेला दोर बांधायचा.

तो दोर म्हणजे हेडगिअर. वरच्या दोन्ही बाजूंच्या सहा वर्षांनी येणाऱ्या दाढांवर पोलादी कडी बसवतात. कड्यांना बाहेरून बारीक नळ्या असतात. त्या नळ्यांत एका जाड तारेच्या कमानीची टोके जातात. ही आतली कमान समोर ओठांपाशी बाहेरच्या मोठ्या कमानीला जोडलेली असते, आणि बाहेरची कमान दोन्ही गालांवरून मागे जाते. तिच्या टोकांना मानेमागून येणारा ताणाचा पट्टा अडकवायचा. पट्टा मानेला टेकून तार मागे ओढतो, तार दाढांना, दाढा जबड्याला. ज्यांचा चेहरा मुळात लांबट असतो त्यांना मानेऐवजी डोक्यावरून पट्टा देतात, कारण मानेचा ताण दाढांना थोडा खालीही ओढतो आणि चेहरा अधिक लांबतो. माझ्या लेकीचा चेहरा आखूड, म्हणून तिला मानेचा पट्टा. डॉक्टरांनी एक लहानसा स्प्रिंगचा काटा लावून ताण मोजला, प्रत्येक बाजूला सुमारे चारशे ग्रॅम. "रोज बारा ते चौदा तास," ते म्हणाले, "संध्याकाळपासून सकाळपर्यंत. वाढीचं संप्रेरक रात्रीच अधिक पाझरतं." जेवताना काढायचा, खेळताना काढायचा, शाळेत न्यायचा नाही. आणि एक तक्ता दिला. रोज किती तास घातला ते त्यात लिहायचे.

त्या वर्षी मी जमेल तेथून या विषयावरचे वाचून काढले. दातांना वळण लावण्याची इच्छा फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोममध्ये सेल्ससने लिहून ठेवले आहे की दुधाचा दात पडण्यापूर्वीच नवा दात उगवला तर जुना काढावा आणि नव्याला रोज बोटाने दाबून जागेवर न्यावे. हे वाचताना मला बाळंतिणीच्या खोलीत येणारी न्हाऊ घालणारी बाई आठवली. मांडीवर आडव्या घेतलेल्या बाळाचे नाक चिमटीत धरून ती वर ओढी, डोके गोल व्हावे म्हणून तेल चोळत दाबी. आलेला चेहरा जसा आला तसा न घेण्याची हौस रोमन लोकांचीच होती असे नाही.

डोक्यामागून ताण देऊन वरचे दात मागे नेण्याची युक्ती मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. न्यूयॉर्कचे नॉर्मन किंग्जली हे दंतवैद्य तिच्या आरंभीच्या पुरस्कर्त्यांपैकी. १८८० साली त्यांनी मुखाच्या व्यंगांवर ग्रंथ लिहिला. ते शिल्पकारही होते, आणि मला त्यात नवल वाटत नाही. त्यांच्यानंतर एडवर्ड अँगल आले. दातांच्या रचनेचे जे वर्गीकरण आजही शिकवले जाते ते त्यांनी १८९९ साली मांडले. माझी आई, मी आणि माझी लेक त्यांच्या हिशेबाने दुसऱ्या वर्गात पडतो. अँगल यांनी पुढे हे डोक्याचे साधन बाजूला ठेवले. वरच्या आणि खालच्या दातांत रबराची कडी ताणून काम भागते असे त्यांचे मत झाले, आणि त्यांच्या अधिकारामुळे पट्टा बरीच वर्षे अडगळीत गेला. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेल्या अल्बिन ओपेनहाइम यांनी त्याला १९३०च्या दशकात पुन्हा हात लावला, आणि १९४७ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या ॲपलटन गावच्या सायलस क्लोएन यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केल्यावर मानेचा पट्टा जगभर गेला. भारतात १९६५ साली या शाखेच्या वैद्यांची संघटना स्थापन झाली. इंदूरच्या एका गल्लीतल्या अकरा वर्षांच्या मुलीच्या मानेपर्यंत पोचायला त्या पट्ट्याला शंभराहून अधिक वर्षे लागली होती.

अँगल यांच्याविषयीची एक गोष्ट माझ्या मनात राहिली. सुंदर चेहरा कोणता, हे त्यांना निश्चित करायचे होते. आरंभी त्यांनी अपोलो बेल्वेदेरे या प्राचीन पुतळ्याचा चेहरा आदर्श मानला. मग एडमंड वुर्पेल या चित्रकलेच्या अध्यापकाला त्यांनी सौंदर्याचा नियम विचारला. वुर्पेल यांनी सांगितले की असा एक नियम नाही. माणसांचे चेहरे इतके परीचे आहेत की त्यांतला एक निवडून बाकीच्यांवर लादता येणार नाही. अँगल यांनी यातून मार्ग काढला तो असा की दात पूर्ण आणि नीट जुळले की चेहरा आपोआप आपल्या परीने उत्तम होईल. त्यांचे उत्तर पटो न पटो, प्रश्न मात्र त्यांना पडला होता. मला तो अजून पडला नव्हता. माझ्यापुढे अपोलो नव्हता. फक्त १९७३ सालची ती दुपार होती.

पहिले काही दिवस पट्टा मीच बांधत असे. रात्री आठ वाजता लेक आरशापुढे बसे, तोंड उघडे, आणि मी तारेची टोके नळ्यांत सारून पट्टा मागे घेई. दाढा ठणकत. दाताचे मूळ हाडात थेट रुतलेले नसते. सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या तंतूंच्या अस्तरात ते टांगलेले असते. सतत दाब आला की एका बाजूचे हाड विरघळू लागते आणि दुसऱ्या बाजूला नवे हाड भरते, म्हणून दात मुळासकट सरकतो. त्या पाव मिलिमीटरमध्ये चाललेले काम तिला रात्री जाणवे. "आई, हाड विरघळताना दुखतं का ग?" तिने एकदा विचारले. मी म्हटले, "सवय होईल." ते उत्तर तिच्या प्रश्नाचे नव्हते, हे मला तेव्हाही कळले होते.

तिला सर्वांत जड गेला तो सराफा. इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खाण्याचा. पेढ्यांची दारे ओढली गेली की त्याच ओट्यांसमोर कढया चढतात. भुट्टे का कीस, जिलबी, थंडीत तळलेला गराडू. शनिवारी रात्री सगळ्यांनी सराफ्यात जायचे हा आमचा जुना शिरस्ता होता. आता रात्री आठनंतर तिच्या तोंडावर तार. मी एकदा सवलत दिली, दुसऱ्यांदा नाही. एकदा शेजारचा मुलगा काही मागायला आला आणि तिला पट्ट्यात पाहून "घोडी" म्हणून गेला. त्यानंतर दाराची घंटा वाजली की ती आतल्या खोलीत जाऊ लागली. तिला तसे जाताना पाहून मला आईच्या पदराची आठवण व्हायला हवी होती. मला झाली नाही. मी मनात म्हटले, वर्षभराचा तर प्रश्न आहे.

आई तेव्हा आमच्याकडेच राहत असे. पहिल्या दिवशी तिने नातीकडे बराच वेळ पाहिले आणि एवढेच म्हणाली, "पोरीला लगाम का घातलास?" मी तिला पंचाहत्तर आणि ब्याऐंशी अंश समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले. लेक तिच्याच खोलीत झोपत असे.

चार महिने झाले. तक्ता व्यवस्थित भरलेला होता, रोज बारा, बारा, तेरा. डॉक्टरांनी तक्ता पाहिला, मग चिमट्याच्या मागच्या टोकाने दाढ हलवून पाहिली, मग पट्टा हातात घेऊन उलटसुलट केला. ते शांतपणे म्हणाले, "इतके तास घातलेला पट्टा इतका नवा राहत नाही. आणि दाढ जराशी तरी हलायला हवी होती." लेकीने मान खाली घातली. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "मी नाही काढत. मी झोपले की आजी काढते. पहाटे तू उठायच्या आत परत घालते."

मी घरी आले ती संतापाने. आई निवडत बसली होती. मी काय काय बोलले ते सगळे आता लिहिण्याजोगे नाही. पैशांविषयी बोलले, अडाणीपणाविषयी बोलले. आईने सूप बाजूला ठेवले. "झोपेत कण्हत होती ग," ती म्हणाली. "म्हातारीला झोप नसते, मला ऐकू येतं." थोड्या वेळाने म्हणाली, "तिचं तोंड माझ्यासारखं आहे. सगळे म्हणतात. माझं तोंड एवढं वाईट होतं का ग, की ते पोरीच्या तोंडावरून पुसून काढावं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. जे होते ते वीस वर्षांपूर्वीचे होते, आणि ते मी तिला प्रथमच सांगितले. दाराआडून तू ऐकलेस ते खोटे होते; मला गाणे येत होते; मी तोंड उघडायला घाबरले होते. आई माझ्याकडे पाहत राहिली. "मला वाटलं, तुला ते स्थळ पसंत नव्हतं म्हणून तू नाही म्हणालीस," ती म्हणाली. "मला बरं वाटलं होतं. पोरगी धीट आहे म्हटलं." मग ती हसली, आणि हात पदराकडे गेला. आम्ही दोघीही त्या हाताकडे पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर दवाखान्यात आली. तिने पट्टा अंधारात कसा काढला ते विचारून डॉक्टर घाबरले. ताण असताना कमान नळीतून ओढली तर ती हातातून निसटून उसळते आणि तिची टोके डोळ्यांत जाऊ शकतात. जगात अशा तऱ्हेने डोळे गेल्याची उदाहरणे आहेत, म्हणून ताण वाढला की आपोआप सुटणारे पट्टे पुढे निघाले. त्यांनी आईला नीट शिकवले. काढताना आधी पट्टा, मग तार. घालताना आधी तार, मग पट्टा. आईने ते दोनदा म्हणून दाखवले. त्या रात्रीपासून पट्टा बांधण्याचे काम तिने माझ्याकडून काढून घेतले, आणि तिने बांधलेला पट्टा लेकीने कधी ओढून काढला नाही. मी बांधत होते तेव्हा तो पट्टा दुरुस्तीचा होता. आई बांधू लागली तेव्हा त्यात काय वेगळे होते ते मला सांगता येत नाही, पण बांधून झाले की ती नातीच्या दोन्ही गालांवर तारेच्या बाहेरून हात ठेवी आणि म्हणे, "माझी सोन्याची खवणी." तो शब्द तिने चाळीस वर्षांनी परत आपल्या ताब्यात घेतला होता. शनिवारी रात्री पट्टा तासभर उशिरा चढवायचा, असेही तिने परस्पर ठरवले. आम्ही पुन्हा सराफ्यात जाऊ लागलो.

पट्टा चौदा महिने चालला. त्यानंतर दातांवर तारा, त्यानंतर झोपताना घालायची धरून ठेवणारी प्लेट, कारण जागा बदललेल्या दातांना जुनी जागा आठवत राहते; हिरडीतल्या तंतूंना नवी जागा अंगवळणी पडायला कित्येक महिने लागतात. १९९६ साली सगळे संपले. नऊचे तीन मिलिमीटर झाले. लेक तोंड भरून हसू लागली, छायाचित्रांतसुद्धा. आई पुढच्या वर्षी गेली. अखेरच्या आजारात तिने नातीला जवळ बोलावून तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला होता, आणि "छान झालं," असे म्हणाली होती. ते ती कसे म्हणाली, हे मी पुष्कळदा आठवून पाहते. त्यात तक्रार नव्हती. पण निरोप होता.

पुढे या शास्त्रानेही आपले काही शब्द मागे घेतले. १९९०च्या दशकात अमेरिकेत उत्तर कॅरोलायना आणि फ्लोरिडा येथील विद्यापीठांत अशा मुलांच्या चिठ्ठ्या टाकून गट पाडले गेले. काहींवर लहानपणीच उपचार केले, काहींना तसेच वाढू दिले. लवकर उपचार झालेल्यांच्या जबड्यांत आरंभी फरक दिसला. पण किशोरवयात सगळ्यांच्या तारा लागून निघाल्यावर दोन्ही गट जवळजवळ सारखेच ठरले. पुढे अशा प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा लवकर उपचाराचा खात्रीने सांगण्याजोगा एकच फायदा उरला. पुढच्या दातांना इजा होण्याचे प्रमाण कमी होते. जबड्याच्या हाडात बसवायचे बारीक स्क्रू १९९७नंतर रूढ होत गेले, आणि दाढांना आधार देण्यासाठी मानेची गरज फारशी उरली नाही. हेडगिअर अजून वापरतात, पण ते आता क्वचित दिसते. लेकीवर केलेल्या उपचाराने तिचे नुकसान झाले असे मी म्हणत नाही; तिचे दात नीट बसले, ते आजही नीट आहेत. पण "आत्ताच करायला हवे" या शब्दांत जितकी निकड मी ऐकली होती तितकी त्यात नसावी. उरलेली निकड माझी होती.

लेक आता चाळिशी ओलांडून गेली आहे, बंगळूरला असते. एकदा मी तिला हे सगळे बोलून दाखवले. ती म्हणाली, "आई, तू केलंस ते बरंच केलंस. फक्त मला कुणी विचारलं नव्हतं." तिचा स्वर कडवट नव्हता, तो एखाद्या नोंदवहीतली राहिलेली नोंद भरून काढल्यासारखा होता.

तिची मुलगी २०१२ साली जन्मली. दुधाचे दात पडून पुढचे दोन कायमचे दात आले, आणि पाहता पाहता ते पुढे आले. पट्टा जबड्याला थांबवू शकतो. रक्ताला तो थांबवू शकत नाही. चौदा महिने आम्ही जे मागे ओढून धरले होते ते लेकीच्या चेहऱ्यापुरतेच होते. तिच्या पोटी आईचे तोंड जसेच्या तसे आले, जणू मधे काही घडलेच नव्हते. लेकीने तिला तेथल्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मोजमाप केले, घाई नाही म्हणून सांगितले, बास्केटबॉल खेळताना दातांवर रबराचे कवच घालायला दिले आणि उपचारांचा निर्णय वाढीच्या वेगाचा काळ आला की तिच्याशी बोलून करू, असे म्हणाले. तिच्याशी बोलून, हे लेकीने मला दूरध्वनीवर दोनदा सांगितले.

गेल्या दिवाळीत नात इंदूरला आली होती. माळ्यावरचे सामान काढताना तिला बिस्किटांचा जुना डबा सापडला. त्यात ती तार होती, पट्टा होता, घडी झिजलेला तासांचा तक्ता होता आणि आईची काही छायाचित्रे होती. तिने तार उलटसुलट करून पाहिली, पट्टा कपाळाला बांधून आरशापुढे उभी राहिली. मग छायाचित्रे चाळू लागली. "आजी, पणजी सगळीकडे अशी गप्प का आहे? ती हसायची कशी?"

मी सांगायला सुरुवात केली, डोळ्यांनी हसायची, खांदे हलायचे. ती पणजीची नक्कल करू लागली, खांदे हलवून, डोळे बारीक करून. आणि स्वतःच्याच नकलेचे तिला हसू आले. तिच्या हाताला तोंडाकडे जायची सवय नाही. माळ्यावरच्या धुळीत, कपाळाला पट्टा बांधून, ती तोंड भरून हसत होती, आणि मी आईचे हसणे पहिल्यांदाच पाहत होते.